बोगद्यातला फायरमन

दादा, तुम्हाला त्या निबंधाबद्दल काही सांगायचं राहून गेलंय.

मी तेव्हा चिंचवडच्या शाळेत आठवीत होते. आपण आकुर्डीत राहायचो आणि तुम्ही पिंपरीच्या एका कंपनीत बॉयलरवर होता. इंग्रजांच्या राजधानीत त्याच्या नव्वदेक वर्षं आधी जमिनीखालून आगगाडी सुरू झाली होती, तीही वाफेच्या इंजिनावर. त्याच्यावरचा निबंध मला वर्गात वाचायचा होता. तुम्ही शिफ्टवरून येऊन चुलीपुढे बसला आहात, आई भाकरी थापतेय, आणि मी मोठ्याने वाचतेय. रस्ते खणले, विटांच्या कमानी बांधल्या, वर पुन्हा रस्ता केला. बोगद्यात वाफ कोंडू नये म्हणून ती इंजिनावरच्या पाण्याच्या टाकीत सोडत.

तुमचा घास हातातच राहिला. "आन् टाकीतलं पानी तापल्यावर? तापल्या पान्यात वाफ जिरती व्हय? आन् धूर कुठं सोडला?"

पुस्तकात एवढं नव्हतं.

खंडाळ्याच्या घाटात विजेची इंजिनं येण्याआधी तुम्ही तिथे इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन होता, एवढंच मला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी तुम्ही पंचा भिजवून तोंडाला बांधून दाखवलात. बोगदा आला की खाली वाकायचं, खाली हवा जरा बरी असते, म्हणालात. "आमचा बोगदा घडीभरात सरायचा, पोरी. त्या तिकडल्या फायरमनचा दिसभर सरत न्हाई. त्याला घे की तुझ्या निबंधात."

मी घेतला. ओल्या फडक्याचं वाचलं तेव्हा वर्गात कुणी हललंसुद्धा नाही. पहिला नंबर आला. बाईंनी पाठीवर हात ठेवून विचारलं, "इतकं बारीकसारीक कुणी सांगितलं गं तुला?"

पुढच्या बाकावर कंपनीतल्या साहेबांच्या मुली बसल्या होत्या. मला तुमची काळी नखं आठवली. मी म्हणाले, "पुस्तकात होतं."

घरी तुम्ही दारातच उभे. "माझं सांगितलंस का?"

"सांगितलं."

दुसऱ्या दिवशी तुम्ही अख्ख्या शिफ्टला पेढे वाटलेत. पोरीनं शाळेत माझं नाव काढलं, असं ज्याला त्याला सांगत होतात.

पुढे मी स्वतः शिक्षिका झाले, आणि माझे वडील फायरमन होते हे दरवर्षी नव्या वर्गाला अभिमानाने सांगत आले. तुम्हाला खरं सांगायला मात्र तुम्ही जाईपर्यंत वीस वर्षं मिळाली होती, दादा. रोज समोर जेवायला बसायचात. मला धीर झाला नाही.