तार कुठेच तुटली नव्हती

वैशाख शु. ५, मंगळवार

आज सकाळी देवपूजेच्या आधी आमच्या इंटरनेटच्या दुकानाच्या पायऱ्या धुतल्या. रक्त वाळलं की नुसत्या पाण्यानं जात नाही. काथ्यानं घासलं. समोरचा हलवाई बघत होता.

रक्त रामसेवकचं. दुकान उघडलं तेव्हापासून आमच्या तारा तोच ओढतो, तोच जोडतो. काल दुपारपासून सगळ्या माधवगंजात अर्धंच इंटरनेट. बँक उघडते, ई-मेल उघडत नाही. कुठे तार दुखावली असेल म्हणून संध्याकाळी मीच त्याला पुलाजवळच्या खांबावर चढवलं. त्याच खांबावरून जाधवची, पलीकडच्या इंटरनेटवाल्याची, तार दर्पण कॉलनीकडे जाते. तिकडेही कालपासून हेच. जाधवच्या माणसांनी रामसेवकला वर पाहिलं आणि समजले, आपली तार हाच कापतोय. पाय धरून खाली ओढला. गुड्डू म्हणून त्यांचा तारा जोडणारा आहे. त्यानं रामसेवकचा उजवा हात दगडावर धरून दुसऱ्या दगडानं ठेचला. रिक्षावाल्यानं इथे आणून पायऱ्यांवर ठेवला.

रामरक्षा दोनदा मध्येच थांबली.

शु. ६, बुधवार

इस्पितळ. अंगठा राहील म्हणतात. बाकी बोटांचं डॉक्टर काही बोलत नाहीत. रामसेवक एवढंच म्हणाला, "बाबूजी, पेचकस था बस हाथ में. कटर तो थैले में ही था." पेचकसनं नुसते स्क्रू पिळतात, तार कापली जात नाही.

पोलीस थाण्यात गुड्डूच्या नावानं तक्रार दिली.

घरी समीर. दादा गेल्यापासून तो आणि वहिनी आमच्यातच. दुकानाची यंत्रं तोच बघतो.

"काका, तुम्ही थाना-थाना करत बसा. उन लोगों को एक ही भाषा समझ में आती है."

"कोणती रे?"

"तुम्हाला येत नाही ती."

वहिनी पोळ्या लाटत होत्या. मान वर केली नाही.

शु. ७, गुरुवार

दिल्लीहून कंपनीच्या इंजिनिअरचा फोन. तार कुठेच तुटलेली नाही. आमची जुनी कंपनी विकली गेली, मोठ्या कंपनीत विलीन झाली, हे ठाऊक होतं. आता त्या मोठ्या कंपनीचं आणि जाधव जिच्याकडून इंटरनेट घेतो त्या कंपनीचं भांडण लागलंय. दोघींची जाळी दिल्लीत एका ठिकाणी जोडलेली होती. एकीकडचं दुसरीकडे जायचं ते तिथूनच. कोणाची वाहतूक जास्त, कोणी कोणाला पैसे द्यायचे, यावरून सोमवारी तो जोड काढून टाकला. म्हणून जे त्यांच्या जाळ्यात आहे ते माझ्याकडे उघडत नाही, आणि माझ्याकडचं जाधवकडे.

दिल्लीत यंत्रांच्या थंड खोलीत कुणीतरी एक तार उपसून ठेवली. त्यासाठी इथे हात ठेचला गेला. सगळे खांब तपासले, आणि दुखणं खांबावर नव्हतंच.

समीरला सगळं समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

संध्याकाळी लोक आले. परीक्षेचा अर्ज भरता आला नाही म्हणून एका मुलाचा बाप. प्रसूतिगृहाचा माणूस, त्यांचे सोनोग्राफीचे फोटो इंदूरच्या डॉक्टरांपर्यंत पोचत नाहीत, एक बाई अडलेली. मी दिल्लीचं सांगत होतो. मुलाच्या बापानं तोंडात मारली. चष्मा नालीत. मग काच फुटली, मग दुसरी. इंदूर, दिल्ली, कंपनी, कोण ऐकतो. समोर मी होतो.

शु. ९, शनिवार

काल रात्री समीर उशिरा आला. अंगाला पेट्रोलचा वास. वहिनींनी न विचारता पाणी तापवलं.

आज कळलं. जाधवच्या यंत्रांची पत्र्याची खोली जाळली. मागे चौकीदार झोपतो, म्हातारा. दोन्ही पाय भाजले.

"तुला सांगितलं होतं ना, तार कुणी कापली नाही म्हणून?"

"हाथ तो तोड़ा ना, काका."

 म्हातारा तिथे असतो हे ठाऊक होतं का, विचारलं. भिंतीकडे बघत राहिला.

त्याचं नाव अजून कुणी घेतलेलं नाही. जाधवचे लोक बाड्यावर, भर चौकात, काठ्या घेऊन फिरतायत. आमच्या एका वसुलीच्या पोराचं डोकं फोडलं. दुकान बंद.

शु. ११, सोमवार

एकादशी. जाधवकडे गेलो. त्यांचे पूर्वज फौजेतले, आमचे पूजा सांगणारे. अजून मला पंतच म्हणतो.

"या पंत. बंदूकवाले बाहेर का ठेवले? उन्हात करपतील."

"एकटाच आलोय, जाधवराव."

"मग चहा घ्या. उपास असेल ना? मग बघत बसा."

मी म्हटलं, दिल्लीवाले जोडत नाहीत तर आपण जोडू. तुमच्या-माझ्या दुकानांत सरळ तार ओढू. तुमचं माझ्याकडून उघडेल, माझं तुमच्याकडून.

"करारात मनाई आहे पंत. दोन्ही कंपन्या आपल्याला काढतील."

"काढोत."

खूप वेळ बशीत फुंकर घालत बसला. मग म्हणाला, "जोडू. पण तुम्ही रामसेवकची तक्रार मागे घ्या. मी तुमच्या समीरचं नाव घेत नाही. आमच्याकडे त्याला तिथे पाहिलेला आहे एक."

दारात गुड्डू उभा होता. वय समीरएवढंच. हात मागे बांधलेले.

मी उद्या सांगतो म्हटलं. परत येताना दत्ताच्या देवळात बसलो. काही मागितलं नाही. गावच्या शाळेतले मास्तर दोन पोरं भांडली की दोघांना समोरासमोर उभं करायचे आणि स्वतः बाहेर जायचे. मास्तर दयाळू होते की नुसते थकलेले, अजून कळत नाही. आज बाहेर कुठे जायचं?

रात्री रामसेवककडे. जाधवचं म्हणणं सांगितलं. तो म्हणाला, "आपके घर का लड़का है. जो ठीक लगे." आणि चादर डोक्यावर ओढली.

शु. १२, मंगळवार

पहाटे दुसऱ्या माणसाला घेऊन आमच्या बाजूची तार पुलाजवळच्या खांबापर्यंत ओढली. टोक वेटोळं करून तिथे बांधलं. जाधवला फोन केला. "तार ठेवलीय. जोडायची तर जोडा. तक्रार राहील."

"आणि समीर?"

"तुम्ही कशाला नाव घेता."

मी फोन ठेवला.

पूजा पूर्ण केली. समीरला म्हटलं, सदरा घाल. त्याला कळलं. वहिनी दारात आडव्या उभ्या राहिल्या. "भाऊजी, तुमच्या दादांनी तुमच्या ओटीत घातलाय हा." मी म्हटलं, "म्हणूनच वहिनी." त्यांनी माझ्या छातीवर मूठ मारली, दोनदा. मग बाजूला झाल्या. समीर चपला शोधत होता, मी काढून दिल्या.

रिक्षात तो एकदाच बोलला. "म्हातारा जगेल ना?"

थाण्यात तक्रारी लिहिणाऱ्या मुन्शीनं न बघता विचारलं, "रिपोर्ट लिखानी है? किसके ख़िलाफ़?"

मी समीरकडे हात केला. मग बाकावर त्याच्याशेजारी बसून सांगायला लागलो.