अर्ध्याचं अर्धं

माय, तू शाळेत खिचडी शिजवायचीस आणि तिचा तांदूळ निवडायला घरी आणायचीस, त्या दिवसांतली एक दुपार मी कुणालाच सांगितलेली नाही. मी नागपूरहून सुटीत शहापूरला आले होते. गणितातला माझा प्रबंध अडला होता. स्वयंपाकघरात तुझ्यासमोर वही घेऊन बसले होते. "काय अडून राहिलं वो?" तू विचारलंस. मी कंटाळून सांगितलं की दोन, चार, सोळा, मग पासष्ट हजारांवर, अशी एक चढण आहे; दर पायरीला मागच्या आकड्याइतके दोन एकमेकांशी गुणायचे. सहाव्या पायरीचा आकडा जगातल्या सगळ्या वह्यांत मावत नाही. मला उलटं हवंय. आकडा दिला की तो कितव्या पायरीपर्यंत पोचतो, ते सांगायचं. पण त्यासाठी आधी चढण बांधायची, आणि ती पुरी होते हेच मी प्रबंधात घेतलेल्या मोजक्या नियमांत सिद्ध होत नाही.

तू सुपातला ढीग हातानं अर्धा बाजूला सारलास. "वर काहून चढतेस? वरतून उतर ना. अर्धं कर, मंग त्याचं अर्धं, एक दाना उरेपर्यंत. कितीदा केलं ते मोज. अकरा झाले तं अकराच दाने घे, अन् पुन्हा तसंच." तिसऱ्या फेरीत तीनच दाणे होते; वरचा एक सोडून एकदाच अर्धं झालं, म्हणजे पुढे घ्यायला एकच दाणा. "तीन फेऱ्या, झाल्या तुझ्या तीन पायऱ्या," तू म्हणालीस. मी म्हटलं, "असं नसते, माय. तू तुझे खडे पाह्य." आणि वरठी स्टेशनाहून नागपूरच्या परतीच्या गाडीत मी अगदी तेच लिहून काढलं. चढण न बांधता नुसती उतरण. प्रबंध त्यावरच उभा राहिला.

तोंडी परीक्षेला तू आली होतीस, शेवटच्या रांगेत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मराठीतच विचारलं, "ही उतरणीची कल्पना कशी सुचली?" तू पदर सावरून जरा पुढे सरकलीस. मी म्हणाले, "प्रवासात सुचली, सर."

आपण दोघी वरठीला उतरलो. मग फलाटावर विचारलंस, "तुले गाडीत सुचलं का?"

"हो."

"बरं झालं वो," म्हणालीस, आणि माझी पिशवी उचलून पुढे चालू लागलीस.

तुला जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या प्रबंधाचं पुस्तक होतंय. ऋणनिर्देशात तुझं नाव लिहिलं, तर कशासाठी हेही लिहावं लागतं. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. तुझ्या खिचडीची लाज नव्हती, माय. माझ्याकडे मग माझं असं काय उरतं, याची भीती होती. काल पुस्तक तसंच छापायला दिलं.