वैष्णवीची बाटली माझ्याकडे आहे

२५ मार्च २०२०, गुढीपाडवा
संकल्प: एकही पोरगं सुटू द्यायचं नाही.

लॉकडाऊन लागला. सकाळीच डॉक्टर मॅडमचा फोन. आपल्या सेंटरमधून एचआयव्हीच्या गोळ्या नेणारी तरुण मुलं गावोगाव अडकलीत, त्यांचं काय करायचं, म्हणाल्या. म्हटलं, मॅडम, मी आहे ना. काउन्सेलर कशाला झालो मग? सगळं फोनवरून सांभाळतो. मॅडम जरा वेळ गप्प बसल्या. इम्प्रेस झाल्या असाव्यात.

सगळ्यात काळजीची केस वैष्णवी. वय अठरा. आजार जन्मापासूनचा, आईवडील नाहीत, रोहिणखेडला मामाकडे राहते. मामा रामराव यांना सगळं माहीत आहे. मामी पुष्पाबाईंना काहीच नाही. घरात फोन एकच. गोळ्या आखजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत पुरतील, आणि ही गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नसते.

तिची नवी बाटली सेंटरमधून सही करून घरी आणून ठेवली. बुलडाण्याहून रोहिणखेड ते काय, किक मारली की आलंच.

२७ मार्च
व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. नाव ‘नवी पहाट’. डीपीला लाल रिबन. सगळ्या मुलांचे नंबर टाकले. असं आधी कुणाला का सुचलं नाही, कळत नाही.

रात्री ८. रामरावांचा फोन, स्पीकरवर. इकडे गावांत फोन स्पीकरवरच घेतात, कानाला लावला की घरच्यांना संशय येतो. "सर, हे लाल फीत कायची हाय? आमची मंडळी इचारून राह्यली." आवाज घाबरलेला. मागे मामी उभ्या असणार. अशा वेळी माझं डोकं फार चालतं. म्हटलं, पोलीस भरती मार्गदर्शन. ऑनलाइन. फुकट.

मामींनी लगेच फोन घेतला. "मंग आमच्या गोपालले बी घ्या ना सर. दिवसभर नुसता खाटीवर लोयते." घेतला. डीपी बदलला. आता धावणारा माणूस आहे.

३० मार्च
समताने ग्रुप सोडला. इथेच बुलडाण्यात राहते, कपड्याच्या दुकानात कामाला आहे, गोळ्या आपल्याच सेंटरच्या. वर मेसेज: "सर, ग्रुप डिलीट करा. सगळ्यायचे नंबर दिसून राह्यले. कोनी ना कोनी वळखीचं निघनच." ग्रुपातल्या प्रसेनजितने तर मला ब्लॉकच केलं. तरुणांत पेशन्स म्हणून राहिला नाही. लॉकडाऊनचा मानसिक परिणाम. यावर लेख लिहायला हवा.

ग्रुप उलट वाढतोय. गोपालने मित्र घेतले, मित्रांनी आपापले मेव्हणे.

४ एप्रिल
ग्रुपवर दिवसभर प्रश्न. सर, छाती किती फुगली पाहिजे? सर, दातात फट असली तर चालते का? नेटवर शोधून उत्तरं देतो. पहाटे पाचला दिनक्रम टाकतो आणि परत झोपतो.

आपली मुलं ग्रुपात आता जवळजवळ नाहीतच. पण पायाभरणी झाली.

रोहिणखेडला फोन केला. मामी खूश. वैष्णवीलाही गोपालसोबत बांधावरून पळवतात म्हणे. "दोघं बी लागले पाह्यजे सर. पोरगी अशक्त हाय, थकते लवकर, पन म्या नाई सोडत." मागून वैष्णवीचा आवाज आला, "सर, तुम्ही येनार होते ना?" म्हटलं, येतोच. पळणं इम्युनिटीला चांगलं असतं.

९ एप्रिल
आज निघणार होतो. गाडी पंक्चर असणार. पाहिलं नाही, पण इतके दिवस उभी आहे.

मागच्या गल्लीत कोरोनाचा पेशंट सापडल्याची चर्चा. मी घाबरलेलो नाही. पण घरात वयस्कर माणसं असली की विचार करावा लागतो. बायकोला तसं म्हटलं. ती म्हणाली, या घरात तुम्ही आणि मी दोघंच आहोत, वयस्कर नक्की कोण? मी वाद टाळतो.

१४ एप्रिल
लॉकडाऊन वाढला. समताचा फोन. यंदा जयंती घरातच, म्हणाली. मग एकदम, "वैष्णवीची बाटली गेली काय सर?" दोघींची ओळख सेंटरच्या बाकावरची. म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. "प्रोसेस म्हनजे?" म्हटलं, प्रोसेस म्हणजे प्रोसेस. मी घेऊन जाते, म्हणाली. सांगितलं, बाटली ऑलरेडी माझ्या नावावर निघाली आहे, प्रत्येकाने आपापलं काम करावं. शेवटी विश्वास म्हणून काही असतं की नाही!

उद्या नक्की जातो.

१५ एप्रिल
ऊन फार होतं.

२० एप्रिल, संध्याकाळ
वैष्णवीचा फोन. पहिल्यांदाच स्पीकरवर नव्हती. गोठ्यामागे गेली होती, आवाज अगदी बारीक. "सर, बाटली हालवली तं आता खुळखुळ वाजते. मामीले आयकू येईन. गोळ्या थोड्याच राह्यल्या. मी एकाआड एक खाऊ काय?"

मी ओरडलोच. अजिबात नाही! रोज खायची. उद्या येतो. आईशप्पथ येतो.

"मांगच्या बारीले बी तुम्ही असंच म्हनलं होतं," ती म्हणाली. रागाने नाही. नुसतं सांगितलं.

२१ एप्रिल
गेलो! गाडी पंक्चर नव्हती.

डिकीत बाटली, खिशात मॅडमचं पत्र, तोंडावर दोन मास्क. मोताळ्याच्या रस्त्यावर नाका. हवालदाराने अडवलं. पत्र काढलं असतं, पण त्यावर सेंटरचं नाव. गोपनीयता म्हणजे गोपनीयता. नुसतं माझं नाव सांगितलं. तो उठूनच उभा राहिला. "तुम्हीच काय ते भरतीवाले सर? माया साळा हाय तुमच्या ग्रुपात." चक्क सॅल्यूट केला. म्हणाला, "समोरच्या गावात पेशंट निघाला म्हन्तात. पन तुमची गोष्ट अलग हाय. जा तुम्ही."

म्हटलं, नाही. नियम सगळ्यांना सारखा. गाडी वळवली. तो म्हणाला, असेच लोक पाह्यजे सर.

घरी येऊन अंघोळ केली. हायसं वाटलं. हे लिहायला नको होतं.

२३ एप्रिल
वैष्णवीचे मिस्ड कॉल. उचलले नाहीत. हातात काही ठोस असल्याशिवाय बोलणं प्रोफेशनल नाही. फोन उलटा ठेवतो. बाटली टीव्हीवर ठेवली होती, ती आता कपाटात ठेवली.

ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, सर म्हणजे देव माणूस. गोपालने खाली हात जोडलेले टाकले.

२५ एप्रिल
सकाळी फाटकावर स्कूटीचा हॉर्न. समता. तोंडाला ओढणी. मॅडमकडून सेंटरचं नवं पत्र घेऊन आली होती. गेला आठवडाभर बाकी सगळ्यांच्या बाटल्या तीच पोचवते आहे. डोणगाव, शेगाव, पार कुठे कुठे. मला कुणी सांगितलं नाही.

"सर, वैष्णवीची बाटली द्या. काल रातची तिची आखरीची होती."

म्हटलं, मी आजच निघणार होतो. तिने स्कूटी बंदही केली नाही. बाटली कपाटातून काढली, सॅनिटायझर लावलं, फाटकावर ठेवली आणि मागे सरकलो. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, एवढं लांब एकटी जातेस, तुलाही तोच आजार, तुला भीती नाही वाटत?

"वाटते ना सर," ती म्हणाली.

बाटली सीटखाली टाकून निघून गेली. बराच वेळ फाटकापाशी उभा होतो. बायको खिडकीतून बघत होती.

२६ एप्रिल, आखजी
दुपारी रोहिणखेडला फोन लावला. मामींनी उचलला. बाटली पोचली का, हे त्यांना कसं विचारायचं याची तयारी करून बसलो होतो. गरज पडली नाही.

"पोरीनं सांगतलं मले सारं," मामी म्हणाल्या. "काल ते पोरगी बाटली घिऊन आली, म्या इचारलं काय हाय हे, तं ह्या दोघीयनं बसून सांगतलं. तुम्ही काऊन नाई सांगतलं सर? म्या काय खाऊन टाकलं असतं तिले? अन् अशा पोरीले म्या उन्हातान्हात पयवून राह्यली होती!" त्यांचा आवाज फुटला. मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.

मग म्हणाल्या, "भरतीचं बी खोटंच म्हना. गोपाल रोज अंधारात उठते. त्याले तुम्हीच सांगजा."

वैष्णवीला फोन द्या, म्हटलं. स्पीकर चालूच होता. मामींनी विचारलेलं ऐकू आलं, भांडं ठेवल्याचा आवाज आला, आणि मग वैष्णवीचा. "त्यायले म्हना, मी जेवून राह्यली."

जेवण झाल्यावर परत करतो, म्हटलं.

आता रात्रीचे नऊ वाजलेत. केला नाही.