तीन महिने आधी

६ एप्रिल, सोम.
एम. फार्म.च्या मार्केटिंगवाल्यांची डिटेलिंगची प्रॅक्टिकल. पोरं म्हणजे औषध कंपनीचे एम. आर., मी डॉक्टर. चिठ्ठी काढायची, जे औषध येईल ते मला दोन मिनिटांत पटवून द्यायचं. चिठ्ठ्यांना तोच जुना श्रीखंडाचा डबा. वर्षानुवर्षं त्याच चिठ्ठ्या. या वेळी उघडूनसुद्धा बघितला नाही. गाढवपणा माझा.

सातवा नंबर प्रज्ञाचा. आंबी गावची पोरगी, वर्गात सगळ्यांत तयार. पुण्याच्या कंपनीचं नोकरीचं पत्र हातात आहे, फक्त पास व्हायचंय. चिठ्ठी उघडली आणि माझ्याकडे बघितलं. मी आपली डॉक्टरी आवाजात, "बोला, दोन मिनिटं आहेत." तिनं चिठ्ठी पुन्हा वाचली. मग हळूच, "मॅडम, हे मी तुम्हाला नाही सांगू शकत." चिठ्ठी पालथी ठेवली आणि बाहेर गेली.

उचलून बघितली. फुफ्फुसाच्या आजाराची गोळी. सुहास शेवटी घ्यायचा तीच, वर्गालाही ठाऊक असलेली.

बाहेरचे परीक्षक म्हणाले, "घाबरली वाटतं?" मी म्हटलं, हो. चक्क हो म्हटलं! त्यांनी शून्य टाकलं. मीही टाकलं.

७ एप्रिल, मंगळ.
रजा टाकली. तुंगार्लीच्या तळ्याला दोन फेऱ्या मारल्या, काही उपयोग नाही.

मी एम. आर. होते, लोणावळा-खोपोली-तळेगाव फिरायचे, तेव्हा सुहास घरी जेवणाच्या टेबलावर डॉक्टर व्हायचा. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, "बोला, दोन मिनिटं आहेत." वाक्य त्याचंच. बँकेतला माणूस, औषधातलं काडीचं कळायचं नाही, पण असे आडवे प्रश्न टाकायचा की खरे डॉक्टर परवडले. नवरा गेला ते गेला, त्याचं वाक्य मी परीक्षेत वापरतेय.

आता लिहूनच टाकते. त्याला ही गोळी लिहून दिली तेव्हा आडवी आले ती मीच. कंपनीचं माहितीपत्रक मागवलं. आलेखाची उभी रेघ शून्यापासून नव्हती, मधूनच सुरू. "बघ, फरक मोठा दिसावा म्हणून केलंय. आयुष्यभर हेच विकलंय मी, मला कुणी शिकवू नका. थांबू या." सुहास म्हणाला, "तू म्हणशील तसं." तीन महिने थांबलो. मग सुरू केली. डिसेंबरात गेला.

कुणालाही सांगितलेलं नाही हे.

९ एप्रिल, गुरु.
दुपारी फाटकाशी प्रज्ञाची आई. उन्हातून आलेली, हातात डबा. "मॅडम, पोरगी दोन दिस जेवली न्हाई वो. काय झालं तेबी सांगंना." आणि डबा पुढे केला. माझं डोकंच फिरलं. मार्कांसाठी डबे? "ताई, हे परत न्या. असलं काही चालत नाही इथे." बाई कावरीबावरी. "न्हाई वो, त्यासाटी न्हाई. सायबांच्या टायमाला याया जमलं न्हाई, म्हनून..." पुढचं ऐकलंच नाही. दार लावून घेतलं.

संध्याकाळी बघते तर डबा फाटकाच्या खांबावर तसाच. उघडला. पिठलं-भाकरी.

दुखवट्याची पिठलं-भाकरी घेऊन आली होती ती! चार महिन्यांनी का होईना, आली होती. आणि मी तिला फाटकातून हाकललं. ओट्याशी उभ्यानंच खाल्ली. डिसेंबरनंतर पहिल्यांदा आवाज करून रडले. शेजारच्या बंगल्यात ऐकू गेलं असेल, जाऊ दे.

१० एप्रिल, शुक्र.
प्राचार्यांना लेखी दिलं. ती चिठ्ठी माझ्या हलगर्जीपणामुळे डब्यात राहिली, मुलीची चूक नाही, फेरपरीक्षा घ्यावी. ते म्हणाले, मग औषध बदलू. बाहेरचे परीक्षक फोनवर ऐकेनात. काढलेली चिठ्ठी बदलत नाही, नियम आहे. "निदान डॉक्टर म्हणून दुसऱ्या कुणाला बसवू," प्राचार्य. मी म्हटलं, मीच बसते. का म्हटलं, कोण जाणे. कदाचित कुणाच्या तरी तोंडून ते सगळं ऐकायचंच होतं.

प्रज्ञाच्या आईला फोन केला. माफी मागितली. "आसू द्या वो मॅडम. डबा तेवढा पोरीसंगं धाडा."

१७ एप्रिल, शुक्र.
फेरपरीक्षा. "बोला, दोन मिनिटं आहेत."

बोलली. काय सुरेख बोलली! आलेखाशी आली तेव्हा आपणहून म्हणाली, "डॉक्टर, ही रेघ शून्यापासून नाही. पण एवढासा फरकही या पेशंटसाठी मोठा असतो." 

मग माझा प्रश्न. दुष्परिणामांचा, ठरलेला, समोर कागदावर लिहिलेला. तोंडातून भलतंच आलं. "ही गोळी तीन महिने आधी सुरू केली असती, तर पेशंट वाचला असता का?"

परीक्षकांनी मान वर केली. प्रज्ञाला कळलं. तिच्या चेहऱ्यावरच दिसलं.

मला हवं होतं तिनं खोटं बोलावं. नाही डॉक्टर, काही फरक पडला नसता. बस, एवढंच. पैकीच्या पैकी दिले असते.

तिनं फाइल मिटली. "डॉक्टर, ते यात नाही. मला माहीत नाही. शोधून सांगते."

माझंच शिकवणं. माहीत नसेल तर थापा मारू नका, शोधून सांगा, आणि सांगाच.

परीक्षकांनी प्रश्नाचे गुण कापले. आता उरला पाठपुराव्याचा रकाना, पाच गुण, माझ्या सहीचा. शोधलेलं उत्तर डॉक्टरपर्यंत, म्हणजे माझ्यापर्यंत, पोचलं तरच ते द्यायचे. त्याशिवाय ती नापास.

१९ एप्रिल, रवि.
सकाळी प्रज्ञाचा मेसेज. "मॅडम, गोळी लवकर आणि उशिरा सुरू केलेल्या पेशंटवरचे दोन शोधनिबंध मिळाले. वाचले. तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यात आहे. पाठवू का? नको असेल तर नाही पाठवत. मार्कांचं राहू द्या."

मार्कांचं राहू द्या म्हणे! नोकरी जाईल तुझी, बये.

न वाचताच पाच देऊन टाकावेत, कोण बघायला येतंय? पण मग "उत्तर पोचलं" असं लिहून खाली सही करायची. वर्षभर त्या पोरीला खोटं बोलू नको म्हणून घोकवलं, आणि तिच्याच कागदावर मी खोटं लिहू? आणि पाठव म्हटलं तर वाचावं लागेल. वाचून मग या घरात राहायचंय मला, त्याच टेबलावर जेवायचंय.

गुणपत्रिका उद्या अकरापर्यंत द्यायची आहे. तिच्या आईचा डबा घासून पुसून ओट्यावर ठेवलाय.

"पाठव" असं टाइप केलं. खोडलं. पुन्हा केलंय. अजून धाडलेलं नाही.