मॅब्री अडतिसावा

२१ जुलै, सोमवार
मॅब्री अकरावा! चार वेळा मांडून पाहिलं, चारही वेळा तेच.

मार्चमध्ये टेरेन्स मॅब्री आपल्या क्लीव्हलँडच्या अमेरिकन फुटबॉल संघात आला तेव्हापासून सगळे एकच विचारतात — जुन्या संघात तो पास झेलणारा दुय्यम रिसीव्हर होता, इथे काय दिवे लावणार? पण आपला मुख्य रिसीव्हर गेला. गेल्या हंगामात त्याच्याकडे फेकलेले एकशे अडतीस पास आता कोणाच्या तरी वाट्याला जाणारच. पास फेकणारा आपला क्वार्टरबॅक चेंडू हातात फार ठेवत नाही, मधल्या भागात जवळच फेकतो. मॅब्री नेमका तिथेच पळतो. माझा या हंगामाचा अंदाज: चौऱ्याण्णव झेल, सात टचडाउन. फँटसीच्या, म्हणजे खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ करून गुण मोजायच्या खेळाच्या, हिशेबात देशातल्या रिसीव्हरांत अकरावा.

बाकी कोणालाच हे अजून दिसलेलं नाही. एकोणीस वर्षं पेपरात हे फँटसीचं सदर लिहितोय, असा आकडा चार-पाच वर्षांतून एकदा हाती लागतो.

२२ जुलै, मंगळवार
क्रीडा-संपादक रोझ टिलॉट्सनने आम्हा दोघांना बसवून सांगितलं. जानेवारीपासून फँटसीचं सदर एकच राहणार. प्रू आणि मी, दोघांनी पन्नास रिसीव्हरांची यादी द्यायची. डिसेंबरअखेर फँटसीचा हंगाम संपला की प्रत्येक नाव कितवं धरलं आणि कितवं आलं, त्यातलं अंतर मोजायचं. कमी चुकेल त्याचं सदर. दुसऱ्याने शाळांच्या सामन्यांच्या बातम्या करायच्या.

“तुला काय काळजी?” रोझ मला म्हणाली. मला काळजी नाहीच.

प्रू व्हँडरवाल चार वर्षांपूर्वी आली. सामन्याचं चित्रण कसं बघायचं हे तिला मी शिकवलं. चेंडूकडे बघू नकोस, पायांकडे बघ. आता गुरुवारी रेडिओवर ती हेच वाक्य सांगते. स्वतःचं असल्यासारखं.

कालच्या यादीचा कागद प्रिंटरवरच विसरलो होतो. प्रूने आणून टेबलावर ठेवला. थँक्यू म्हणालो.

२३ जुलै, बुधवार
प्रूची यादी आज संकेतस्थळावर लागली. मॅब्री — नववा.

नववा!

संध्याकाळपर्यंत चारशे बारा प्रतिक्रिया. गेल्या आठवड्यात माझ्या लेखाला एकोणीस आल्या, त्यातली एक बहिणीची. रोझ टेबलावरून टेबलाकडे सांगत फिरत होती, पोरीची नजर बघा म्हणून. माझ्यापाशी आली आणि विचारलं, “तू कितवा धरलायस रे त्याला?”

शुक्रवारी वाच, म्हणालो.

२४ जुलै, गुरुवार
आता अकरा छापलं तर काय होणार? म्हातारा पोरीच्या मागून चालला, असं म्हणणार. मी आधी काढलं होतं हे कोण मानणार?

सकाळी पुन्हा मांडायला बसलो. मॅब्री अठ्ठावीस वर्षांचा. डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. नव्या संघाचे डाव पाठ करायला निम्मा हंगाम जातो. नवा रिसीव्हर आला की अंदाज करणारे मोकळे झालेले पास सरळ त्याच्या नावावर टाकतात, प्रत्यक्षात ते सगळ्यांत वाटले जातात. हे सगळं खरं आहे. सोमवारीही खरं होतं.

साडेअकराला यादी दिली. मुदत बाराची. आजवर कधी चुकवली नाही. मॅब्री अडतिसावा.

२५ जुलै, शुक्रवार
छापून आलं. रोझ म्हणाली, हिंमत आहे तुझी. प्रू वाचून माझ्याकडे बघत राहिली. बघू दे.

३० ऑगस्ट, शनिवार
आर्डिथच्या गॅरेजमध्ये आमच्या बाराजणांच्या फँटसी लीगची खेळाडू-निवड, पाळीपाळीने एकेक नाव उचलायचं. बाविसावं वर्ष. डीप फ्रीझरवर नावं लिहायची पाटी, मधल्या टेबलावर बार्बेक्यू, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात माझी छापील यादी — ही आमच्या घराची रीत. दुसऱ्यांच्या याद्या आणल्या तर आर्डिथ त्यांनी हात पुसते. बहीण असावी तर अशी.

दुसऱ्या फेरीत माझी पाळी आली. मॅब्री शिल्लक होता. तोंडापर्यंत नाव आलं. पण बाराजणांच्या हातात माझी यादी, तिच्यात तो अडतिसावा. त्याला आत्ता उचलला असता तर जन्मभर ऐकावं लागलं असतं. दुसराच घेतला.

लगेच मागून आर्डिथ म्हणाली, “मॅब्री.”

सगळे हसले. मेहुणा म्हणाला, अगं, तुझ्या भावाने काय लिहिलंय ते तरी वाच.

“वाचलंय,” ती म्हणाली. “पण हा गुडघ्याबद्दल तीन परिच्छेद लिहितो ना, तेव्हा याचं स्वतःला पटलेलं नसतं. लहानपणापासून असाच आहे. खोटं बोलायचं असलं की फार समजावून सांगतो.”

मीही हसलो. बटाट्याचं सॅलड पुढच्याकडे सरकवलं.

७ सप्टेंबर, रविवार
पहिला सामना. मॅब्री: नऊ झेल, एक टचडाउन. एकाच सामन्यावरून काही ठरत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार
आठ झेल. दोन सामन्यांवरूनही नाही.

५ ऑक्टोबर, रविवार
स्टेडियमच्या पत्रकार-कक्षात होतो. खाली सत्तर हजार माणसं त्याच्या नावाने ओरडत होती आणि अख्ख्या ओहायोत मी एकटा मनात म्हणत होतो — सोड. सुटू दे हातून. माझं स्वतःचं शहर! वडिलांच्या खांद्यावर बसून मी याच संघाचे सामने बघितले.

सुटला नाही. एका हाताने झेलला.

शेजारी प्रू सूर्यफुलाच्या बिया चावत होती. पुडी माझ्यापुढे धरली. नको म्हणालो. आवडतात खरं तर.

१९ ऑक्टोबर, रविवार
सामन्याच्या तिसऱ्या भागात मॅब्री पडला. घोटा. मैदान गप्प झालं.

मला बरं वाटलं. हे फक्त इथेच लिहितोय. क्षणभरच, पण अगदी स्वच्छ बरं वाटलं, उकाड्यात खिडकी उघडल्यासारखं. मग त्याने जमिनीवर मूठ आपटलेली दिसली. बाहेर गाडीत जाऊन बसलो.

२६ ऑक्टोबर, रविवार
परत खेळतोय. सात झेल.

९ नोव्हेंबर, रविवार
आर्डिथ आमच्या लीगमध्ये पहिली. मी नववा. तिने फोन करून मॅब्रीच्या तब्येतीची खुशाली दिली, घरचा माणूस असल्यासारखी. मग विचारलं, “तुझं काही बिनसलंय का रे?” कामाचं ओझं आहे, म्हणालो. बराच वेळ समजावून सांगितलं. मग माझ्याच लक्षात आलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार
अंतरं मोजायला लागलोय, रोज. प्रू थोडी पुढे आहे. आमची भांडणं, अबोला असं काही नाही. ती रोज गुड मॉर्निंग म्हणते. तेच बोचतं.

२९ डिसेंबर, सोमवार
मोजणी झाली. पन्नास नावांत मिळून मी तीनशे बारा जागांनी चुकलो. प्रू दोनशे त्र्याण्णव. फरक एकोणीस.

मॅब्री कितवा आला? अकरावा. बरोबर अकरावा.

त्या एका नावावर माझ्या सत्तावीस जागा गेल्या. सोमवारचा आकडा राहू दिला असता तर आठने जिंकलो असतो. बेरीज तीनदा केली.

रोझ हळूच म्हणाली, “वाईट वाटून घेऊ नकोस. मॅब्रीचं कोणाला दिसलं नव्हतं रे, तिला दिसलं.”

बरोबर आहे, म्हणालो.

३० डिसेंबर, मंगळवार
शेवटचं सदर वेळेआधी दिलं. प्रूचं अभिनंदन दोन ओळींत केलं. चार ओळी लिहिल्या होत्या, दोन काढल्या.

३१ डिसेंबर, बुधवार
खण रिकामा करत होतो. प्रू आली, उभीच राहिली. म्हणाली, “जुलैत प्रिंटरवरचा तुमचा कागद मी वाचला होता. वाचायला नको होता. मी मॅब्रीला एकतिसावा धरला होता, लोर्न. तुमचा अकरा बघितला आणि म्हटलं, तुम्हाला दिसलंय म्हणजे तिथे काहीतरी आहे. घरी जाऊन सगळं परत बघितलं. तुम्ही छापताना का बदललात ते मला कळलंच नाही. मी आत्ता रोझला सांगते.”

सांगितलं तर रोझही तेच विचारणार.

नको सांगूस, म्हणालो. कारण दिलं नाही. मग तिच्या पुडीतल्या मूठभर बिया घेतल्या.