ह्यांचा रोजचा प्रश्न

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण निव्वळ कामाचं आहे.

सेवानिवृत्त कर्मचारी संघाच्या पत्रकासाठी लेख द्यायचाय. विषय: कोणत्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर टाकणं सर्वांत सोपं. सेक्रेटरींनी स्वतः फोन केला. म्हणाले, तुम्हाला हल्ली वेळही असतो. 'हल्ली' म्हणजे ही गेल्यापासून. माणसाने बोलण्याआधी वाक्य एकदा तपासून घ्यावं. मी मात्र हो म्हणालो. विषय माझा आहे. ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याचं प्लास्टिक मी काढलं होतं.

पद्धत ठरवली. सॉफ्टवेअर एकच, फोटो लहान-मोठे करायचं, फुकट मिळतं. कॉम्प्युटर तीन. माझ्या टेबलावरचा विंडोज. जावयाने वापरून सोडलेला लॅपटॉप, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स आहे. आणि हिचा मॅक. त्यावर ही प्रकाशकांसाठी पुस्तकांची पानं लावायची. गुण देताना वेळ, कटकट आणि मनस्ताप बघणार. शनिवारपर्यंत लेख हातावेगळा.

मुलीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, सोळा तारखेला येते आणि आईचा मॅक घेऊन जाते. पासवर्ड कुणालाच माहीत नाही, तेव्हा सगळं पुसून नव्याने वापरीन. मी म्हणालो, प्रयोग चालू आहे, उपकरण हलवता येणार नाही. ती म्हणाली, मग सोळापर्यंत उरका.

मॅक ठेवून घेण्यात माझी भावना वगैरे काही नाही. तीन उपकरणांशिवाय तुलना होत नाही, इतकंच.

५ फेब्रुवारी, बुधवार

काल चष्मा सापडला नाही, त्यामुळे काम सुरू झालं नाही. आज हिचा लावला. नंबर जवळपास तोच आहे.

विंडोज. नेक्स्ट, नेक्स्ट, आय अॅग्री, नेक्स्ट. नियम कुणी वाचत नाही. हिरवी पट्टी सरकत गेली आणि शेवटी येऊन अडली. मी दोनदा मोठ्याने विचारलं, झालं का? घरात कुणी नाही हे नंतर लक्षात आलं.

झालं. पण सोबत हवामान सांगणारं एक आणि कॉम्प्युटर 'स्वच्छ' करणारं एक, अशी बिनबोलावलेली दोन सॉफ्टवेअरही आत शिरली. कुठेतरी आधीपासूनच टिक केलेली असणार. हिच्या चष्म्यातून बारीक अक्षर दिसत नाही. आता दर थोड्या वेळाने खिडकी उघडून कॉम्प्युटर मला सांगतो की बाहेर ऊन आहे. मी खिडकीशेजारीच बसतो.

विंडोज: सोपं. घरात येताना पाहुणे घेऊन येतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

लिनक्स. आज काळा पडदा आणि त्यात चमकणारी एक रेघ. एक ओळ टाइप करायची, सॉफ्टवेअर आपोआप उतरतं. जावयाने ओळ आणि लॅपटॉपचा पासवर्ड पाठवला होता. ती टाकली तर पासवर्ड मागितला. मी टाइप करतोय, पडद्यावर काहीच उमटत नाही. ठिपके नाहीत, चांदण्या नाहीत. कीबोर्ड बिघडला समजून लॅपटॉप उलटा करून झटकला. त्यातून बिस्किटाचा चुरा पडला. जावयाचा.

जावईबापूंना फोन लावला. ते मीटिंगमध्ये होते, तरी उचलला. म्हणाले, बाबा, टाइप होतंय, फक्त दिसत नाही. मी म्हणालो, दिसत नाही तर होतंय हे मी कसं समजायचं? ते म्हणाले, विश्वास ठेवा आणि एंटर दाबा. कॉम्प्युटर म्हणजे काय देवघर आहे का. दाबलं. धडाधड ओळी धावायला लागल्या. झालं का, झालं का, असं मी फोनवर विचारत राहिलो. शेवटी ते म्हणाले, बाबा, तुमच्यासमोर आहे, मी काय सांगू.

झालं होतं. सोबत कुणी आलं नाही. प्रामाणिकपणे बघता हे विंडोजपेक्षा सरस आहे, पण जावयाला तसं कळवायची गरज नाही.

लिनक्स: मुकाट्याने काम करतं, कबूल काही करत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

शनिवारची मुदत उलटली. दोष माझा नाही, मॅकचा आहे.

मॅक उघडला की दोन चित्रं दिसतात. एक हिचं नाव. दुसरं 'पाहुणा'. हे दुसरं हिने माझ्यासाठी केलेलं. माझा कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला होता, तेव्हा मला विजेचं बिल बघायचं होतं. वेगळं नाव घालून देऊ का असं हिने विचारलं होतं. मी म्हटलं होतं, कशाला, पाहुण्यातून जाईन की.

पाहुणा म्हणून आत गेलो. सॉफ्टवेअर उतरवलं. मॅकवर म्हणे चित्र उचलून एका फोल्डरमध्ये नेऊन सोडायचं, की झालं. सोडलं. तर तो म्हणाला, मालकाचा पासवर्ड द्या. नाही दिला. बाहेर पडताना सूचना आली की पाहुण्याने केलेलं सगळं पुसलं जाईल. पुसलं.

इतकी वर्षं एका छताखाली राहून पाहुणा. ही रचना कुणाच्या डोक्यातून आली असेल ती असो, माणुसकीची नाही. मनस्तापाच्या रकान्यात पूर्ण गुण टाकले.

१० फेब्रुवारी, सोमवार, दुपार

महत्त्वाचं. शांतपणे लिहितो.

हिच्या नावावर टिचकी मारून अंदाजाने पासवर्ड टाकत होतो. मुलीचं नाव, लग्नाची तारीख. लग्नाची तारीख पहिल्या वेळी माझ्याकडूनच चुकली, पण बरोबर टाकली तरी उघडलं नाही. थोड्या वेळाने खाली बारीक अक्षरात एक ओळ आली. पासवर्ड विसरला तर आठवण म्हणून मालकच ती लिहून ठेवतो म्हणे. इंग्रजी अक्षरात, पण मराठी:

ह्यांचा रोजचा प्रश्न.

'हे' म्हणजे मी. दुसरं कोण. म्हणजे ज्या कुलपात हिचं सगळं काम होतं, त्याच्या किल्लीवर मी होतो.

आता एक गोष्ट लिहायला हवी. ही दवाखान्यात असताना मुलीने मला जिन्यात गाठलं होतं. म्हणाली होती, "आईला काय होतंय, हे तुम्ही एकदा तरी विचारलंत का?" जिन्यात माणसं होती. मी खाली उतरलो. पण बोलणं लागलं. तेव्हापासून तिच्याशी कामापुरतंच बोलतो.

विचारत नव्हतो? रोज विचारायचो. बरं वाटतंय का? हाच तो प्रश्न. हिने स्वतः लिहून ठेवलाय. रोजचा, असं लिहिलंय. कधीमधीचा असं नाही.

सोळा तारखेला मुलगी येईल तेव्हा मी मॅक तिच्यासमोर उघडणार. एक शब्द बोलणार नाही. फक्त उघडणार.

११ फेब्रुवारी, मंगळवार

प्रश्न माहीत आहे. अडलंय स्पेलिंगवर.

मराठी इंग्रजी अक्षरात लिहिण्याला आगापिछा नाही. 'बरं' शेवटी एक ए का दोन? 'वाटतंय' व्हीने का डब्ल्यूने? मधला त एकदा का दोनदा? अनुस्वाराचं काय करायचं? शब्द जोडून का तोडून? चुकीचं टाकलं की खिडकी नकारार्थी मान हलवावी तशी हलते. पुन्हा पुन्हा चुकलं की थोडं थांबून या म्हणते. बँकेच्या खिडकीवर बसल्यासारखा कॉम्प्युटर.

कागदावर सगळी स्पेलिंगं मांडून घेतली. ऑफिसातली शिस्त इथे उपयोगी पडते.

ही शुद्धलेखनाच्या बाबतीत फार कडक. एका लेखकाच्या पुस्तकातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला दिवसभर बसायची. मी जेवायला थांबलेलो असायचो. काही विचारलं की मान वर न करता 'होतंय' एवढंच. अशा बाईचं स्पेलिंग चुकीचं असणार नाही. माझंच लागत नाहीये.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे मॅक नेला. पिशवीत घालून, छातीशी धरून, कारण रस्ता खराब आहे. तो म्हणाला, काका, पासवर्ड विसरलात तर पुसून देतो, तासाचं काम. पुसायचं नाही, उघडायचंय, असं मी सांगितलं. तो म्हणाला, कुणाचाय? मी म्हणालो, घरचाच आहे. तो म्हणाला, मग घरच्यांनाच विचारा ना.

काउंटरवर दुसऱ्या कुणाचा प्रिंटर उघडून ठेवला होता. त्यात डोकं घालून तो म्हणाला, काका, एवढा स्क्रू लावतो, मग सांगतो. मी वाट बघत बसलो. मध्ये एकदोनदा झालं का म्हणून विचारलं असेन. त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि म्हणाला, काका, तुम्ही विचारलंत की माझा हात थांबतो.

आजच्या लोकांना कामाची घाई नको आणि गिऱ्हाईकही नको. मॅक उचलून परत आलो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सगळी स्पेलिंगं संपली. 'तब्येत कशी आहे' हेही करून पाहिलं. वास्तविक हे मी म्हणत नसे, पण हिला तसं ऐकू आलं असेल. 'गोळी घेतली का' टाकलं. 'पाणी देऊ का' टाकलं. हे दोन्ही आपण विचारायचो असं मला आज स्पष्ट आठवतंय.

'चष्मा कुठाय' टाकून बघावं असं एकदा मनात आलं. टाकलं. नाही. बरं वाटलं.

तपासण्यांच्या वेळी खोलीबाहेरच्या खुर्चीवर मी रोज बसलेलो असायचो. दार किलकिलं झालं की लगेच उठून चौकशी करायचो. नर्स वैतागायची. पण मी उठायचो. हे मुलीने पाहिलेलं नाही.

उद्या उघडून दाखवता आलं नाही तरी हरकत नाही. ओळ दाखवता येईल. पुरावा ओळीतच आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

मुलगी सकाळीच आली. जावई गाडीत थांबले. खोलीत माझे कपडे खुर्चीवर होते, त्यांच्या तिने घड्या घातल्या. आईचा चष्मा माझ्या डोळ्यांवर तिने बघितला. मीच सांगितलं, नंबर जवळपास तोच आहे.

मॅक टेबलावर ठेवला. मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकत ती ओळ आणली. म्हणालो, वाच. तिने वाचली. मी म्हणालो, "रोजचा, असं लिहिलंय तुझ्या आईने. तू जिन्यात मला काय म्हणाली होतीस ते आठव."

तिला आठवत होतं. तिचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. प्रश्न कोणता ते तिला सांगितलं, फक्त स्पेलिंग लागत नाही म्हणालो, आणि कागद पुढे केला. तिने कागद वरपासून खालपर्यंत वाचला. एका जागी बोट ठेवून थांबली, बहुतेक 'पाणी देऊ का' होतं. मग घडी करून तिने तो स्वतःच्या पर्समध्ये टाकला. का, ते कळलं नाही.

मग मॅक स्वतःकडे ओढला. ती ओळ पुन्हा वाचली. बोटं ठेवली आणि टाइप केलं. फार अक्षरं नव्हती. एंटर.

उघडला.

मी विचारलं, व्ही होता का डब्ल्यू?

ती म्हणाली, "स्पेलिंग नव्हतं अडलं, बाबा."

मग म्हणाली, "झालं का."

मला वाटलं, मला विचारते आहे. म्हणालो, काय झालं?

 मी पुन्हा विचारलं, काय, झालं का? तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर काहीतरी उत्तर देता आलं असतं.

पडद्यावर एका पुस्तकाची पानं होती. अर्ध्यापर्यंत लावलेली, पुढे कोरी. मुलगी म्हणाली, आता पुसत नाही, हे पूर्ण करून प्रकाशकांना देते. जायच्या आधी म्हणाली, तुमचा प्रयोग राहिला ना. सॉफ्टवेअरचं चित्र उचललं, फोल्डरमध्ये सोडलं, पासवर्ड मागितला तो टाकला. पापणी लवायच्या आत काम संपलं. ती म्हणाली, बघा. मी बघितलं.

खाली गाडीपर्यंत मॅक मीच नेऊन दिला. जावयांनी विचारलं, बाबा, झालं का सगळं? मी गाडीचं दार लावलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

निष्कर्ष. सॉफ्टवेअर टाकायला मॅक सर्वांत सोपा. लिनक्स दुसरा. विंडोज तिसरा, बाहेर ऊन आहे. मॅकबाबत एकच अट, घरातल्या माणसाला पासवर्ड माहीत असावा.

शेवटचं वाक्य खोडलं. पत्रकासाठी योग्य वाटत नाही. पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं.

माझा चष्मा सापडला. मॅक जिथे असायचा, त्या जागेच्या मागे.

अकराच्या सुमारास सेक्रेटरींचा फोन. नमस्कार नाही, काही नाही. झाला का?

होतोय, म्हणालो. मान वर केली नाही.