खेळाडू दोन

४ ऑक्टोबर

पोचले एकदाची! आणि खोली मिळाली तीही मनासारखी. वरचा मजला, स्वतंत्र जिना, खिडकीतून थेट माझ्या नव्या नोकरीच्या हॉस्पिटलचं फाटक दिसतं. सकाळी उशिरा उठायला मोकळी. घरमालक म्हणजे निवृत्त पीटीचे शिक्षक. सगळं गाव त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही. बोलायचं काम काकूंकडे. मुलगा बाहेरगावी असतो, ही त्याचीच खोली, म्हणाल्या. टीव्ही आहे, गेम आहे, आणि गेम कुठला? अमेरिकन फुटबॉल! नावाला फुटबॉल, चेंडू लांबुळका आणि पायाला क्वचितच लागतो. बगलेत मारायचा आणि समोरच्यांना धडका देत पळत सुटायचं. धाकट्या भावापायी मी शाळेच्या कितीतरी सुट्ट्या या खेळात घालवल्या आहेत. खेळता येतं का, असं काकूंनी विचारलं. हो म्हटल्यावर बाई अशा खुलल्या की मला वाटलं आता मिठीच मारतात.

कादंबऱ्यांची पिशवी उशाशी ठेवली. असलं रक्तामांसाचं वाचून तुला झोप तरी कशी लागते, असं आई नेहमी म्हणते. अगं आई, त्याशिवाय लागत नाही.

७ ऑक्टोबर

एक्स-रे विभाग झकास. आमच्या विभागप्रमुखांना सगळे 'श्वासरोखे' म्हणतात. पेशंटला "श्वास रोखा" सांगून सांगून जीभ इतकी वळलीय की समोर चहाचा कप ठेवला तरी तेच म्हणतात. माणूस मात्र लाखात एक.

दिवसभर मनगटं, बरगड्या, एक फुटलेली टाच. कादंबरीत हाड मोडलं की पानभर किंकाळ्या असतात. फिल्मवर नुसती एक बारीक काळी रेघ. मला दोन्ही आवडतं.

घरी येऊन नवा सीझन, म्हणजे सामन्यांची अख्खी मालिका, लावला. माझा संघ हिरवा. पहिल्याच सामन्यात सपाटून मार खाल्ला. कॉम्प्युटर एवढा चलाख कधी झाला?

११ ऑक्टोबर

हा कॉम्प्युटर कॉम्प्युटरसारखा खेळत नाही, माणसासारखा खेळतो. सामन्यागणिक समोरचा संघ बदलतो, पण खोड्या त्याच. डावीकडे हूल देऊन उजवीकडे पळणं. मी चुकले की क्षणभर थांबणं, जणू हसून घेतोय. आज मी त्याला त्याच्याच हुलीत पकडलं आणि खुर्चीवरून उडीच मारली. तेव्हा नीट पाहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात 'कॉम्प्युटर' असं लिहिलेलंच नाही. 'खेळाडू दोन' असं आहे.

दुसऱ्या कंट्रोलरची वायर गेमच्या डब्यातून निघून कपाटामागे जाते. कपाट भिंतीला घट्ट टेकलेलं, हलता हलत नाही. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, जुनी वायर आहे, राहू दे. आणि लगेच विचारलं, आज कोण जिंकलं?

आणखी एक. मी पुस्तकाचं पान कधी दुमडत नाही, बसचं तिकीट घालते. आज तिकीट जागेवर होतं. पण पुढचं, मी अजून न वाचलेलं एक पान दुमडलेलं होतं. काकू वाचत असतील. वाचोत बापड्या.

१५ ऑक्टोबर

श्वासरोखेंनी सहज विचारलं, राहतेस कुठे. सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

सरांचा मुलगा बाहेरगावी नाही. हाच खेळ तो खरोखर, मैदानावर खेळायचा. सरच शिकवायचे. पोरगा थकला होता, पुरे म्हणत होता. सर म्हणाले, अजून एकदा, मान खाली घालून, पूर्ण जोरानं. मान मोडली. फिल्म श्वासरोखेंनीच काढली होती. म्हणाले, "त्याला म्हटलं, श्वास रोख. त्यानं रोखला, तो रोखलाच."

 दोन फिल्म पुन्हा काढाव्या लागल्या.

१६ ऑक्टोबर

आज रजा. पिशवी पलंगावर उपडी केली. एकेक कादंबरी चाळली. सगळ्यांत पानं दुमडलेली. सुरा, कुऱ्हाड, आतडी यांतलं काहीच नाही. ज्या ज्या पानावर कुणाची मान मोडते, तेवढीच पानं.

गेमची वायर उपटली. टीव्हीवर चादर टाकली.

१८ ऑक्टोबर

बसवत नाही. उठते, खिडकीशी जाते, परत बसते. पाणी प्यायला उठते आणि पाणी न पिताच येते.

भर दुपारी कपाटामागून आवाज. ठोकण्याचा नाही. बटणांचा. टक. टकटक. टक. डावीकडे हूल, उजवीकडे धाव. बोटांची ती चाल मी आता ओळखते.

खाली उतरून घराला वळसा घातला. त्या कपाटामागे खोली नाही. बाहेरची भिंत आहे, आणि भिंतीखाली सरळ रस्ता.

वर आले. टीव्हीवरची चादर जमिनीवर होती. नीट घडी घातलेली.

२० ऑक्टोबर

काकूंना सांगितलं, उद्या जाते. रडल्या. माझे दोन्ही हात धरले.

"एवढा सीझन संपू दे गं. शेवटचाच सामना राहिलाय. आधीचा भाडेकरू असाच मधे उठून गेला, तर महिनाभर भिंतीवर डोकं आपटत होता माझा बाळ. ती मान, आणि..."

मी म्हटलं, काकू, तो गेलाय. त्या म्हणाल्या, "ते आम्हाला कळतं गं. त्याला कुठे कळलंय?"

सर दारात उभे होते. पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"मी बसलो होतो एकदा त्याच्यासमोर. माझ्याशी नाही खेळत तो."

२१ ऑक्टोबर, सकाळी

बॅग भरून जिन्यात आले. सरांनी हातातून बॅग घेतली. वाटलं, खाली पोचवताहेत. वर घेऊन गेले. फोन बॅगेत, ही वही तेवढी खांद्यावरच्या पर्समध्ये. मी मागोमाग आत गेले, ते बॅगेसकट झटकन बाहेर आणि —

बाहेरून कडी.

दुपार

खिडकीतून ओरडले. हॉस्पिटलच्या फाटकाशी माणसं आहेत. अँब्युलन्सचा भोंगा. कुणी मान वर करत नाही.

दाराबाहेर सर. खेळ बेटा, म्हणतात. एकच सामना. त्यांचा आवाज मैदानावरचा असावा तसा. काकू मुसमुसताहेत.

टीव्ही आपोआप लागला. वायर उपटलेलीच आहे. मी बघितलं. दोनदा बघितलं.

नंतर

खेळतेय. मुद्दाम हरायचं ठरवलंय. हरले की संपेल. पण तो हरू देत नाही. मी चेंडू टाकते, तो उचलत नाही. त्याचे सगळे खेळाडू मैदानात उभे, माझ्याकडे तोंड करून. चेंडूकडे नाही, माझ्याकडे. सगळ्यांची मान एका बाजूला, खांद्याला टेकलेली —

कपाट हललं.

सर ओरडताहेत, पुरे बाळा, पुरे. आता म्हणताहेत पुरे —

सामना संपला. कोण जिंकलं दिसत नाही. पडद्यावर प्रश्न. पुढचा सीझन? हो — नाही.

डाव्या हातात कंट्रोलर, उजव्यानं लिहितेय. मी 'नाही'वर नेतेय. मी 'नाही'वरच — अंगठा माझा आहे पण हा मी हलवत नाहीये, हा मी हल